घरातली गोष्ट घरात

इतिहासाच्या शिक्षकाला वर्गात जे प्रश्न विचारले जातात, त्यातले बहुतेक परीक्षेपुरते असतात. उत्तर वहीत उतरलं की विद्यार्थीही विसरतो आणि शिक्षकही. क्वचित एखादा प्रश्न मात्र घरापर्यंत पाठलाग करतो. असा एक प्रश्न आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

इटलीच्या एकीकरणाचा पाठ चालू होता. मे १८६० मध्ये गॅरिबाल्डी आपले हजार स्वयंसेवक घेऊन सिसिलीच्या मार्साला बंदरात उतरला, तिथपर्यंत आलो होतो. नकाशावर पालेर्मो दाखवताना त्याच्या दक्षिणेला असलेल्या कोर्लेओने या गावाचं नाव मी सहज घेतलं. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, ‘‘सर, गॉडफादरवाले?’’ वर्ग हसला, मीही हसलो. तास संपल्यावर तोच मुलगा टेबलाजवळ आला आणि म्हणाला, ‘‘सर, त्यांचा धंदा वाईट होता, मान्य. पण ती माणसं आपल्या घरच्यांशी तरी इमानी होती ना? आपल्याकडे हल्ली तेवढंही कुठं उरलंय?’’

‘बघू पुढच्या तासाला’ असं म्हणून मी वेळ मारून नेली. पुढच्या तासाला ना त्यानं विचारलं, ना मी विषय काढला. पण प्रश्न काही गेला नाही.

त्या मुलाचं चूक नव्हतं. आपल्यापैकी बहुतेकांची माफियाशी ओळख पडद्यावर झाली. मारिओ पुझो यांची ‘गॉडफादर’ ही कादंबरी १९६९ ची, कोपोला यांचा चित्रपट १९७२ चा. त्याच्या सावलीत आपल्याकडे १९७५ साली ‘धर्मात्मा’ आला, २००५ साली ‘सरकार’ आला. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. बाहेर बंदुका चालतात आणि आत घर आहे. मुलीचं लग्न आहे, नातवंडं आहेत, स्वयंपाकघरातून वास येतो आहे, आणि मधोमध एक म्हातारा शब्दाला जागणारा माणूस बसला आहे.

हा म्हातारा आला कुठून? स्वतः पुझो यांनी सांगून ठेवलं आहे की ही कादंबरी लिहिण्यापूर्वी त्यांची एकाही खऱ्या गुंडाशी ओळख नव्हती. आणि डॉन कोर्लेओने बोलू लागला की त्यांच्या कानात आवाज यायचा तो त्यांच्या आईचा. नेपल्सकडच्या मुलखातून आलेली, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत पोरं वाढवणारी, कडक, धोरणी बाई. तिच्यावर त्यांनी १९६५ साली ‘द फॉर्च्युनेट पिलग्रिम’ ही सुंदर कादंबरी लिहिली होती. ती फारशी खपली नाही. मग आईचंच शहाणपण, आईचाच धाक त्यांनी एका गुन्हेगाराच्या तोंडी घातला, आणि ते पुस्तक जगभर गेलं. म्हणजे ज्या घरंदाजपणावर आपण भाळलो, तो एका कष्टकरी आईचा होता. माफियानं तो फक्त अंगावर घातला.

मग खरा माफिया कसा होता? त्यासाठी सिसिलीत जायला हवं.

या बेटावर सरंजामशाही कागदोपत्री १८१२ साली संपली. जमीनदार पालेर्मोत राहत, गावाकडची जमीन मक्त्यानं देत. मक्तेदार हत्यारबंद रखवालदार ठेवत आणि खाली कुळांना, वर जमीनदाराला, दोघांनाही दाबत. १८६० नंतर नवं इटालियन राज्य आलं ते कर आणि सक्तीची लष्करभरती घेऊन. न्याय मात्र पोचला नाही. ज्या मुलखात फौजदार परका आणि कोर्ट दूर, तिथं माणूस विश्वास ठेवणार कोणावर? रक्ताच्या नात्यावर. पाठच्या भावावर, मेव्हण्यावर, मुलाच्या बाप्तिस्म्याला ज्यानं त्याला हातावर घेतलं त्या धर्मबापावर. ही निष्ठा खरी होती, गरजेची होती, आणि ती साऱ्या सिसिलीची होती. माफियाची नव्हे.

माफिया उगवला तो उपाशी रानात नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. तो उगवला पालेर्मोभोवतीच्या लिंबांच्या बागांत, जिथं पैसा होता. लिंबाला मोठी मागणी होती, बोटी भरून माल अमेरिकेला जाई. पण लिंबाची बाग फार नाजूक. पाणी तोडलं तर बाग गेली, एका रात्रीत झाडं छाटली तर मालक बसला. अशा बागेला रखवालदार लागतो, आणि ज्याच्यापासून राखायचं तोच रखवालदार झाला की धंदा तयार होतो.

१८७२ साली गास्पारे गालाती नावाच्या एका शल्यवैद्याच्या ताब्यात अशी एक बाग आली. रखवालदार मालाची चोरी करतो म्हणून त्यानं त्याला काढलं. नवा ठेवला, त्याला गोळी घातली गेली. घरी धमक्यांची पत्रं येऊ लागली. त्यात जुन्या रखवालदाराला ‘इज्जतदार माणूस’ म्हटलं होतं. पोलिसांकडे गेला, तर पोलीसच त्यांच्यात मिसळलेले. अखेर १८७५ साली बायकामुलं घेऊन तो नेपल्सला पळाला आणि तिथून त्यानं गृहमंत्र्याला सगळी हकिकत लिहून पाठवली. त्यानंतर लवकरच लेओपोल्दो फ्रांकेत्ती या अभ्यासकानं सिसिलीवरच्या अहवालात नेमका शब्द वापरला. तो म्हणाला, हा हिंसेचा उद्योग आहे.

इज्जत हा शब्द इथं नीट समजून घेतला पाहिजे. या उद्योगात इज्जत म्हणजे भांडवल. ज्याच्या नावाचा दरारा, त्याला रोज मारामारी करावी लागत नाही. नुसत्या नावावर वसुली होते. आणि दरारा टिकायचा तर कुणी पोलिसांकडे तोंड उघडता कामा नये. यालाच ओमेर्ता म्हणतात. आपल्याकडे लहान मुलं हाताची घडी घालून ‘आळीमिळी गुपचिळी’ म्हणतात, तसंच काहीसं. फक्त इथं जो बोलेल त्याला चिंचेची चिंचोळी मिळत नाही, गोळी मिळते.

१८८० नंतरच्या चाळीसेक वर्षांत सुमारे चाळीस लाख इटालियन माणसं अमेरिकेत उतरली, बहुतेक दक्षिणेकडची. त्यांनी भुयारी रेल्वे खणली, गोदीत ओझी वाहिली, शिवणकामाच्या कारखान्यांत डोळे घालवले. यातल्या अगदी मूठभरांचा गुन्हेगारीशी संबंध आला, पण बदनामी सगळ्यांच्या वाट्याला आली. १४ मार्च १८९१ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये जमावानं तुरुंग फोडून अकरा इटालियनांना ठार मारलं. पोलीसप्रमुखाच्या खुनाचा आरोप होता. ज्यांचा खटला उभा राहिला त्यातल्या एकालाही शिक्षा झालेली नव्हती. ज्याला परक्या शहरात असं वागवलं जातं, तो माणूस आपल्या माणसांच्या आणखी जवळ सरकतो. याच जवळिकीचा फायदा घेणारे त्यांच्यातच होते. ‘काळा हात’ अशी खूण काढलेली खंडणीची पत्रं दुकानदारांना येत. ती लिहिणारेही इटालियन, आणि ती ज्यांच्या दारात पडत तेही इटालियनच.

त्यांच्याविरुद्ध उभा राहिला तोही इटालियन होता. न्यूयॉर्क पोलिसांतला लेफ्टनंट जो पेट्रोसिनो. गुन्हेगारांच्या नोंदी मिळवायला तो सिसिलीला गेला आणि १२ मार्च १९०९ च्या रात्री पालेर्मोच्या चौकात त्याला गोळ्या घातल्या. त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा न्यूयॉर्कचे रस्ते माणसांनी ओसंडले होते. इटालियन वस्तीचं मन कोणाच्या बाजूला होतं, हे त्या गर्दीनं सांगितलं. चित्रपटांनी ती गर्दी आपल्याला फारशी दाखवली नाही.

१९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली, आणि गल्लीतल्या खंडणीखोरांच्या हाती गंगा आली. पैसा वाढला तशी भांडणं वाढली. १९३०-३१ मध्ये न्यूयॉर्कच्या टोळ्यांत मोठं युद्ध पेटलं. एका बाजूला जो मॅसेरिया, दुसऱ्या बाजूला साल्वातोरे मारान्झानो. १५ एप्रिल १९३१ ला मॅसेरिया एका उपाहारगृहात मारला गेला. घात केला त्याच्याच उजव्या हातानं, लकी लुचियानोनं. पाच महिन्यांनी, १० सप्टेंबरला, मारान्झानो त्याच्या कचेरीत मारला गेला. त्यामागेही लुचियानोच. त्यातून जी व्यवस्था बसली तीच पुढे न्यूयॉर्कची ‘पाच कुटुंबं’ आणि त्यांच्यावरचं मंडळ, म्हणजे ‘कमिशन’ म्हणून ओळखली गेली. कुटुंब हे नाव दोन खुनांच्या फाळणीतून आलं, हे लक्षात ठेवावं.

आता या ‘कुटुंबा’त शिरण्याचा विधी. तो जगाला पहिल्यांदा उघडपणे ऐकवला जो व्हॅलाचीनं, ऑक्टोबर १९६३ मध्ये, अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे. टेबलावर पिस्तूल आणि सुरा ठेवायचा. बोटातून रक्त काढायचं. हातावर कागद जाळायचा आणि म्हणायचं, मी गुपित फोडलं तर असाच जळेन. पुष्कळांना ही कादंबरी वाटली. पण २९ ऑक्टोबर १९८९ रोजी बोस्टनजवळच्या मेडफर्ड गावातल्या एका घरात असाच विधी चालू असताना एफबीआयनं तो चोरून ध्वनिमुद्रित केला. त्यात नव्या उमेदवाराला एक प्रश्न विचारलेला ऐकू येतो. तुझा भाऊ फितूर झाला, आपल्यापैकी कुणाला त्याच्यापासून धोका आहे असं मी सांगितलं, तर तू त्याला मारशील का? उमेदवार होकार देतो.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या होकारात आहे. घराण्यावर निष्ठा ठेवणाऱ्यांची ही संघटना नव्हती. घराण्याहून वरचढ निष्ठा मागणारी होती. तिनं घराकडून शब्द उसने घेतले: कुटुंब, बाप, धर्मबाप, भाऊ. आणि पहिलाच करार केला तो सख्ख्या भावाविरुद्ध.

असं असूनही नाती कामाची होती, कारण धंद्यात करारपत्र करता येत नाही. आपल्याकडे संस्थानिक तह पक्का करायला सोयरीक करत, तसंच इथंही. न्यूयॉर्कच्या जो प्रोफाचीनं आपल्या दोन मुली डेट्रॉइटच्या दोन म्होरक्यांच्या घरी दिल्या. कार्लो गॅम्बिनोची बायको ही पॉल कास्तेलानोची बहीण. १४ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या अपॅलाचिन या खेड्यात देशभरच्या म्होरक्यांची बैठक पोलिसांनी उधळली. भारी सूट-बूट घातलेली मंडळी रानात पळत सुटली. साठच्या आसपास पकडले गेले, आणि नावं लिहून घेताना दिसलं की यातले कितीतरी एकमेकांचे व्याही, मेव्हणे, साडू, मामेभाऊ. नातं असं विणलं की साक्षीला उभा राहणारा माणूस आधी आपलंच गोत मोडेल, ही त्यातली मेख होती.

यातली सर्वांत गाजलेली सोयरीक १९५६ च्या ऑगस्टमधली. जोसेफ बोनानोचा मुलगा बिल याचं लग्न प्रोफाचीची पुतणी रोझाली हिच्याशी झालं. न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टर हॉटेलात हजारो पाहुणे जमले होते. जोसेफ बोनानो हा सिसिलीतल्या कास्तेल्लामारे देल गोल्फो गावचा, जन्म १९०५ चा, आणि स्वतःला जुन्या परंपरेचा शेवटचा माणूस समजणारा. या बापलेकांवर गे टालीझ यांनी १९७१ साली ‘ऑनर दाय फादर’ हे पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकाच्या पैशांतून टालीझ यांनी बिलच्या चार मुलांच्या शिक्षणाची तजवीज केली, हेही नोंदवायला हवं. मुलांच्या वाट्याला वारशानं आलं असतं त्यापेक्षा ते बरंच स्वच्छ होतं.

पण या घराण्याची भाऊबंदकी पाहा. ऑक्टोबर १९६४ मध्ये बोनानो न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून नाहीसा झाला आणि दीड वर्षानं उगवला. आपल्याला पळवून नेलं होतं, असं त्यानं पुढे लिहिलं. कुणी? त्याच गावच्या, त्याच रक्ताच्या, बफेलोच्या स्टेफानो मॅगाडिनोनं. मधल्या काळात त्याची टोळी दुभंगली आणि जे एकमेकांच्या लग्नात नाचले होते ते एकमेकांवर गोळ्या झाडू लागले.

१९८३ साली बोनानोनं आत्मचरित्र छापलं. नाव ‘अ मॅन ऑफ ऑनर’, म्हणजे इज्जतदार माणूस. त्यात परंपरेचं गुणगान करताना त्यानं ‘कमिशन’ कसं चालायचं याचंही वर्णन केलं. सरकारी वकील रुडॉल्फ जुलियानी यांनी ते पुस्तक वाचलं आणि त्यांच्या डोक्यात आलं की म्होरक्यानंच मंडळाचं अस्तित्व मान्य केलं आहे, तर त्या मंडळावरच खटला भरता येईल. खटला भरला, आणि १९८६ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या म्होरक्यांना दोषी ठरवलं गेलं. ऐंशी वर्षांच्या बोनानोला साक्षीला बोलावलं, तर त्यानं तोंड उघडायला नकार दिला आणि वर्षभराहून अधिक काळ कैद सोसली. म्हणजे पुस्तकात सांगून झाल्यावर कोर्टात मौन. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पण ती त्यानं आधीच पुस्तकाच्या किमतीला उघडली होती. २००२ साली तो अ‍ॅरिझोनात अंथरुणात शांतपणे वारला, सत्त्याण्णवाव्या वर्षी. रोझालीनं १९९० साली आपली बाजू वेगळ्या पुस्तकात मांडली. ज्या घराच्या इज्जतीसाठी हे सगळं चाललं होतं, त्या घरात राहणं कसं असतं, हे त्यात एका बाईनं सांगितलं आहे.

आता निष्ठेच्या हिशेबातल्या काही नोंदी. गॅम्बिनो १९७६ साली वारला आणि गादी मेव्हण्याकडे, कास्तेलानोकडे गेली. १६ डिसेंबर १९८५ ला कास्तेलानोला भर रस्त्यात मारलं, त्याच्याच ‘कुटुंबा’तल्या जॉन गॉटीच्या हुकमावरून. गॉटीचा उजवा हात सॅमी ग्रॅव्हानो. १९७८ साली ग्रॅव्हानोच्या बायकोच्या सख्ख्या भावाला मारायचं टोळीनं ठरवलं. ग्रॅव्हानोनं संमती दिली आणि घरी येऊन तोंड मिटून राहिला. पुढे १९९२ मध्ये हाच ग्रॅव्हानो कोर्टात उभा राहिला, एकोणीस खुनांतल्या आपल्या सहभागाची कबुली देऊन त्यानं गॉटीला जन्मठेप मिळवून दिली, आणि स्वतः पाच वर्षांच्या शिक्षेवर सुटला. बोनानोचीच टोळी पुढे जोसेफ मॅसिनोकडे आली. एफबीआयचा जो पिस्टोन हा अधिकारी ‘डॉनी ब्रास्को’ बनून टोळीत शिरला होता, त्याला आत घेतलं म्हणून मॅसिनोनं १९८१ साली आपल्याच माणसाचा मुडदा पाडवला होता. २००४ साली मॅसिनो दोषी ठरला तो त्याच्या बायकोच्या भावाच्या साक्षीवरून. आणि मग तो स्वतःच फुटला. न्यूयॉर्कच्या पाच कुटुंबांतला साक्षीदार झालेला तो पहिला म्होरक्या.

पण मला सगळ्यांत अस्वस्थ करणारी हकिकत शिकागोची आहे. तिथली टोळी निव्वळ सिसिलियन नव्हती, पण विधी आणि शब्द तेच. फ्रँक कॅलाब्रेझ, त्याचा भाऊ निक आणि मुलगा धाकटा फ्रँक. १९९८ च्या जुलैत बाप आणि मुलगा मिशिगनमधल्या एकाच तुरुंगात होते. मुलानं तुरुंगाच्या वाचनालयात बसून एफबीआयला पत्र टंकित केलं. मला बापाला कायमचं आत ठेवायचं आहे, एवढीच मागणी. मग अंगावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र लपवून तो तुरुंगाच्या मैदानात बापाबरोबर फेऱ्या मारू लागला, आणि बाप पोराला जुने खून समजावून सांगू लागला. भावानं तोंड उघडलं तर त्याला मारण्याला आपला आशीर्वाद असेल, असंही तो त्यात म्हणाला. भावाला हे कळलं आणि त्यानंही साक्ष दिली. या खटल्याला नावच पडलं ‘फॅमिली सीक्रेट्स’, घराची गुपितं. अठरा खुनांचा हा खटला २००७ मध्ये चालला. मुलानं कोर्टात सांगितलं की बापानं एकदा त्याच्या तोंडावर पिस्तूल रोखलं होतं आणि म्हटलं होतं, माझं न ऐकणारा मुलगा असण्यापेक्षा मेलेला बरा. २००९ मध्ये बापाला जन्मठेप झाली, २०१२ च्या नाताळात तो तुरुंगात मेला.

हा मुलगा कृतघ्न म्हणायचा की घराला वाचवणारा? मी अनेकदा विचार केला. घरात निष्ठा नावाची गोष्ट असती, तर त्याला ते पत्र लिहावं लागलं नसतं, एवढं मात्र नक्की.

इतकी वर्षं टिकलेलं मौन असं भराभर का फुटलं? माणसं अचानक बेइमान झाली का? उत्तर व्यवहारात आहे. पूर्वी गप्प राहणं स्वस्त होतं. दोन-चार वर्षांची कैद भोगायची, तोवर टोळी घर सांभाळायची, बाहेर आलं की मान वाढायचा. बोलणं महाग होतं, मरणाएवढं. १९७० साली अमेरिकेनं ‘रिको’ हा कायदा केला. ज्यानं कधी पिस्तूल हातात धरलं नाही, त्यालाही सबंध टोळीच्या धंद्यासाठी धरता येऊ लागलं. त्याच कायद्यात साक्षीदारांना नवं नाव, नवं गाव देण्याची सोय झाली. १९८७ पासून नव्या गुन्ह्यांसाठी केंद्रीय तुरुंगातून पॅरोलवर सुटणं बंद झालं. आता गप्प राहणं म्हणजे तुरुंगात मरणं, आणि बोलणं म्हणजे उरलेलं आयुष्य. भाव उलटला आणि इज्जतीचा बाजार कोसळला. खरी निष्ठा भाव पाहत नाही. ही पाहत होती.

टोमासो बुशेत्ता यानं मात्र वेगळं कारण दिलं. सिसिलीतल्या टोळीयुद्धात १९८२ मध्ये त्याचे दोन मुलगे नाहीसे केले गेले. भाऊ, जावई, पुतणे मारले गेले. १९८४ पासून त्यानं न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांच्यापुढे सगळं सांगितलं. त्यातून पालेर्मोत १९८६-८७ चा तो प्रचंड खटला उभा राहिला, ४७५ आरोपींचा. न्यूयॉर्कच्या खटल्यातही त्यानं साक्ष दिली. त्याचं म्हणणं, मी फितूर नाही. आमची जुनी इज्जत यांनीच बुडवली. जुनी माणसं शब्दाची होती, हे सगळेच म्हणतात. पण गालाती डॉक्टरची लिंबाची बाग आठवा. १८७५ सालीही ती इज्जत तशीच होती.

मग कुटुंबाची खरी निष्ठा या साऱ्या इतिहासात कुठंच नाही का? आहे. पण ती दुसऱ्या बाजूला आहे.

पालेर्मोजवळ चिनिसी नावाचं गाव आहे. तिथल्या लुइजी इम्पास्तातोचं माफियाशी घरोब्याचं नातं. त्याचा मुलगा पेप्पिनो मात्र बंड करून उठला. बापानं त्याला घराबाहेर काढलं. आज मी रेडिओवर बोलतो आहे म्हणून मुद्दाम सांगतो, या मुलाचं हत्यार रेडिओ होतं. १९७७ मध्ये त्यानं मित्रांबरोबर ‘रेडिओ आउट’ हे छोटं केंद्र काढलं आणि गावचा म्होरक्या गाएतानो बादालामेंती याची टिंगल सुरू केली. बादालामेंतीचं घर त्याच्या घरापासून शंभर पावलांवर. सगळं गाव दारं लावून ऐकायचं आणि हसायचं. ज्याची सत्ता दराऱ्यावर उभी आहे, त्याला हसण्याइतकं विष दुसरं नाही. बापाला कुणकुण लागली. तो अमेरिकेत नातेवाइकांकडे गेला, पोराला मारण्याआधी मला मारावं लागेल, असं सांगून आला. त्याच वर्षी तो मोटारीखाली सापडून गेला. ९ मे १९७८ रोजी पेप्पिनोचं छिन्नविच्छिन्न शरीर रेल्वेरुळांवर सापडलं. स्फोट घडवताना स्वतःच मेला, असं भासवण्यात आलं.

त्याची आई फेलिचिया. जुन्या वळणाची, अल्पशिक्षित, सारा जन्म माफियाच्या गोतावळ्यात काढलेली बाई. सुडाची भाषा तिनं नाकारली, दुसऱ्या मुलाला हत्यार धरू दिलं नाही, आणि सासरच्या गोताशी नातं तोडून ती कोर्टात गेली. घराचं दार तिनं उघडं ठेवलं. शाळेतली मुलं येत, ती त्यांना मुलाची गोष्ट सांगे. चोवीस वर्षं गेली. एव्हाना बादालामेंती अमेरिकेच्या तुरुंगात होता, पिझ्झाच्या दुकानांआडून हेरॉइन विकणाऱ्या टोळीच्या खटल्यात १९८७ साली पंचेचाळीस वर्षांची शिक्षा भोगत. एप्रिल २००२ मध्ये इटलीच्या न्यायालयानं पेप्पिनोच्या खुनासाठी त्याला जन्मठेप दिली. फेलिचियानं तो निकाल कानांनी ऐकला. २००४ च्या एप्रिलमध्ये तो गेला, डिसेंबरमध्ये ती.

माझ्या विद्यार्थ्याला त्या दिवशी मी हे का सांगू शकलो नाही, ते आता सांगतो.

मी अठरा वर्षांचा होतो. माझी एक आत्या तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली होती. आजोबांमागे जमिनीत तिचाही हिस्सा होता. रेशनकार्डाचं काम आहे असं सांगून थोरल्या काकांनी एका कागदावर तिचा अंगठा घेतला. तो कागद हक्कसोड पत्राचा होता. घरात लिहिता-वाचता येणारा मी, म्हणून साक्षीदाराची सही माझी घेतली. मी कागद वाचला होता. वडिलांकडे पाहिलं, तर ते हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘घरातली गोष्ट घरात. घराण्याची अब्रू आहे.’’ मी सही केली.

कुणी कुणाला मारलं नाही. आत्या त्याच घरात राहिली, भाकऱ्या थापत राहिली. पुढे बऱ्याच वर्षांनी तिला कळलं, तेव्हा ती काकांना काही बोलली नाही, वडिलांनाही नाही. मी सुट्टीत गेलो होतो. ताट वाढता वाढता तिनं एवढंच विचारलं, ‘‘बाळ, तुला तर वाचता येत होतं ना रे?’’

तिला मी उत्तर दिलं नाही. आता ती नाही. त्या मुलाला मात्र अजून देता येईल. अरे, आपल्या घरात कोण इमानी आहे हे बघायचं असेल, तर घराच्या नावानं कोण गप्प बसलंय ते मोजू नकोस. त्या गप्प बसण्यानं घरातल्या कुणाचं नुकसान झालं, ते आधी विचार.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)